फिरत्या रंध्याची पाती

मराठी सुताराच्या हातरंध्यात एकच पाते असते. पाचरीने आवळलेले ते पाते हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी कमीजास्त करायचे आणि रंधा उलटा धरून तळाच्या रेषेत एक डोळा लावून धार किती बाहेर आली ते पाहायचे, एवढ्यावर काम भागते. इंग्लंडमध्ये सॅम्युएल बेंथम याने १७९१ मध्ये ज्या रंधायंत्राचे पेटंट घेतले, त्यातील पातेही हातरंध्याप्रमाणे सरळच सरकत असल्यामुळे पाते लावण्याचा प्रश्न फारसा बदलला नाही. तो बदलला फिरत्या दांड्यावर दोन किंवा अधिक पाती बसवण्याची रीत रूढ झाल्यावर. अमेरिकेत विल्यम वुडवर्थ याने १८२८ मध्ये अशा दांड्याला फळी दाबून पुढे ढकलणाऱ्या रुळांची जोड दिली. त्याचे पेटंट मुदतवाढीमुळे १८५६ पर्यंत टिकले आणि तोवर स्वामित्वशुल्कावरून खटले गाजत राहिले.

फिरत्या दांड्यावरील सर्व धारांनी एकच वर्तुळ आखले पाहिजे. दांडा मिनिटाला ४००० फेरे घेत असेल आणि फळी मिनिटाला १२ मीटर सरकत असेल, तर एका फेऱ्यात ती ३ मिलिमीटर पुढे जाते. दोन्ही पाती सारखी लागली तर प्रत्येकाच्या वाट्याला दीड मिलिमीटर येतो, पण एक पाते केसभर वर राहिले तर पृष्ठभागावर त्याच्या एकट्याच्याच लाटा उमटतात आणि दुसरे पाते जवळजवळ निरुपयोगी ठरते. म्हणून मोठ्या कारखान्यांत पाती बसवल्यावर फिरत्या दांड्याला सहाण टेकवून धारा एका वर्तुळात आणण्याची पद्धत आली, जिला ‘जॉइंटिंग’ म्हणतात. मात्र त्यात धार अती बोथावली, तर पाते लाकूड कापण्याऐवजी बडवू लागते.

जपानमध्ये माकिता कंपनीने १९५८ मध्ये हातात धरायचा विजेचा रंधा बाजारात आणला, तेव्हा हीच कसोटी एकट्या सुताराच्या हाती आली. अशा रंध्याचा पुढचा तळ किती जाडीचा थर काढायचा त्यानुसार वरखाली होतो, तर मागचा तळ स्थिर असतो. प्लग काढून मागच्या तळावर सरळ पट्टी ठेवायची व दांडा हाताने फिरवायचा, म्हणजे धार पट्टीला जेमतेम स्पर्श करते की नाही हे कळते. धार वर राहिली तर फळीच्या शेवटी खळगा पडतो, खाली राहिली तर मागचा तळ नुकत्याच तासलेल्या भागावर नीट टेकत नाही. पुढे आलेल्या दुधारी कार्बाइड पात्यांना लांबीभर खाच असते आणि ती धारकाच्या कडेवर बसते, त्यामुळे पाते बदलताना उंची पुन्हा मोजावी लागत नाही. मात्र खाचेत डिंक किंवा भुसा साचलेला असेल, तर तेही पाते वाकडेच बसते.