गणेशवेल कधी आली? हर्बेरियमच्या चिठ्ठीवरचा खान्देश

मंडळी, गणेशवेल तुम्ही सगळ्यांनी पाहिलीय. बारीक दोऱ्यासारखी चिरलेली पानं, आणि भाद्रपदाच्या सुमाराला कुंपणावर लालभडक पाच टोकांच्या चांदण्या. जळगाव-धुळ्याकडे हिला कुणी परकी म्हणणार नाही, नावातच गणपती आहे! पण हिचं माहेर मेक्सिकोच्या बाजूचं, उष्ण अमेरिकेतलं.

मग आपल्याकडे आली कधी? मलबारच्या वनस्पतींवरच्या व्हान ऱ्हीडच्या 'होर्टस मलबारिकस'मध्ये, १६९२ च्या अकराव्या खंडात, हिचं चित्र आहे. म्हणजे तोवर ती केरळात पोचली होती. पुढे १७५३ साली लिनियसनं तिला शास्त्रीय नाव दिलं, आणि वसतिस्थान काय लिहिलं? भारत! अमेरिकेची वेल, नोंद मात्र आपल्या नावावर. छापलेलं सगळं खरं धरायचं नाही, ते असं.

खान्देशापुरतं विचाराल तर हर्बेरियमकडे जावं लागतं. हर्बेरियम म्हणजे दाबून वाळवलेल्या झाडांचा संग्रह. मुंबईला सेंट झेवियर्समध्ये ब्लॅटर हर्बेरियम आहे, पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं आहे. जाड कागदावर फांदी चिकटवलेली, कोपऱ्यात चिठ्ठी: नाव, ठिकाण, तारीख, गोळा करणारा. वनस्पतीवाले फांदी बघतात, इतिहासवाल्यानं चिठ्ठी बघावी.

आता चिठ्ठीवर नुसतं 'खान्देश' असेल तर? तारीख बघा. १९०६ पर्यंत जिल्हा एकच होता. मग पूर्व आणि पश्चिम खान्देश झाले, १९६० च्या सुमारास त्यांचेच जळगाव आणि धुळे झाले, आणि १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार निघालं. जुन्या चिठ्ठीवरचं 'पश्चिम खान्देश, तोरणमाळ' आज धुळ्याच्या यादीत घातलंत, तर झाड चुकीच्या जिल्ह्यात लावलंत! कुक यांचा मुंबई इलाख्याचा फ्लोरा १९०१ ते १९०८ मध्ये भागाभागानं निघाला, त्यामुळे त्यातला खान्देशही जपूनच वाचायचा.

दुसरी गोष्ट जास्त अवघड. गोळा करणारा सातपुड्यात पालला जाईल, तोरणमाळला जाईल. वाटेतल्या अंगणातली वेल कशाला खुडेल? लावलेल्या झाडांकडे या मंडळींचं लक्ष कमीच. त्यामुळे जुना नमुना नाही, म्हणजे वेल नव्हती, असं म्हणता येत नाही. सर्वांत जुन्या चिठ्ठीवरून एवढंच कळतं, की त्या तारखेला कुणीतरी थांबून ती खुडली. वेल त्याआधी शंभर वर्षं तिथं असू शकते.

म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो, चिठ्ठीवर 'कुंपणावर लावलेली' की 'पडीक जागेत आपोआप उगवलेली', हे लिहाच. वेल अंगणाबाहेर कधी पडली, ते पुढच्या माणसाला तिथूनच कळणार आहे.