शांतिनिकेतनची चीनवारी

शाळेची सहल म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे येतात वेरूळची लेणी, नाही तर रायगड. पण १९२४ साली एका शाळेची माणसं थेट चीनला गेली. ती शाळा म्हणजे रवींद्रनाथ ठाकुरांचं शांतिनिकेतन. १९०१ मध्ये पाच मुलांवर सुरू झालेल्या या शाळेची १९२१ मध्ये विश्वभारती झाली, आणि त्याच साली फ्रेंच पंडित सिल्व्हँ लेव्ही तिथं येऊन चिनी व तिबेटी शिकवू लागले. चिनी कशाला, असं कुणी विचारील. तर मंडळी, बौद्धांचे कितीतरी संस्कृत ग्रंथ आपल्याकडे नाहीसे झाले, पण त्यांची चिनी भाषांतरं शिल्लक राहिली. आपल्याच घरचा ठेवा शेजाऱ्याच्या फडताळात, आणि कुलूप त्याच्या भाषेचं!

मार्चमध्ये मंडळी कलकत्त्याहून बोटीनं निघाली. कवींबरोबर संस्कृतचे जाणकार व संतवाणीचे अभ्यासक क्षितिमोहन सेन, चित्रकार नंदलाल बोस, इतिहासाचे कालिदास नाग आणि शेतीतले जाणकार एल्महर्स्ट नावाचे इंग्रज गृहस्थ होते. १२ एप्रिलला बोट शांघायला लागली. पुढे पेकिंगला कवींचा वाढदिवस थाटानं झाला. विद्वान ल्यांग छी-छाव यांनी त्यांना चिनी नाव दिलं, चू चेन-तान. यातलं चू हे भारताच्या जुन्या चिनी नावातलं अक्षर, आणि चेन-तान हे आपल्या पूर्वजांनी चीनला दिलेलं नाव. एका नावात दोन देश बसवले!

पण सगळंच काही गोड झालं नाही. तरुणांनी सभेत विरोधाची पत्रकं वाटली. परक्यांच्या तोफांपुढे देश नमतो आहे, आणि हा पाहुणा आम्हांला पूर्वेच्या अध्यात्माचं महत्त्व सांगतो, हा त्यांचा राग. कवींना वाईट वाटलं. ठरलेली काही व्याख्यानं त्यांनी रद्द केली. त्या पोरांना उर्मट म्हणून सोडून देणं मला पटत नाही. त्यांचं दुःख खरं होतं. त्यात कवी बोलणार इंग्रजीत, आणि शू चि-मो हा तरुण कवी ते चिनीत सांगणार. मनातलं मनाला पोचायला वाट किती लांबची!

दौऱ्याचं फळ उशिरा आलं. १९२७ मध्ये सिंगापूरकडे गेले असता कवींना तान युन-शान हा तरुण चिनी शिक्षक भेटला. त्यांनी त्याला बोलावलं, आणि १९२८ मध्ये तो शांतिनिकेतनला येऊन चिनी शिकवू लागला. मग त्यानं मायदेशी जाऊन पैसा आणि हजारो ग्रंथ जमवले. १४ एप्रिल १९३७ रोजी चीनभवन उघडलं. पंडित नेहरू यायचे होते, पण ते आजारी पडले, म्हणून त्यांचा निरोप इंदिरेनं वाचून दाखवला.

तान पुढं भारतातच राहिले. १९६२ मध्ये दोन्ही देशांत युद्ध झालं, तरी ते परत गेले नाहीत. १९८३ साली बोधगयेला त्यांचं देहावसान झालं. चीनभवनात चिनीचे वर्ग आजही भरतात.