ब्रिटिश कौन्सिलचे अफगाण शिक्षक: 'कंत्राटी' या एका शब्दामुळे नागरिकत्व कसं लांबलं?

पुण्या-मुंबईत 'ब्रिटिश कौन्सिल' म्हटलं की ग्रंथालय किंवा आयईएलटीएसची परीक्षा आठवते. अफगाणिस्तानात मात्र या संस्थेशी असलेलं नातं जिवावर बेतू शकत होतं. 19 ऑगस्ट 2011 ला, म्हणजे अफगाणिस्तानच्या स्वातंत्र्यदिनी, तालिबानने तिच्या काबूलमधल्या कार्यालयावर हल्ला केला. तरीही स्थानिक शिक्षक पुढे अनेक वर्षं तिच्यासाठी इंग्रजी शिकवत राहिले. 15 ऑगस्ट 2021 ला तालिबान सत्तेत आला आणि यातले बरेच जण लपून राहू लागले.

मग ब्रिटनने त्यांना नेलं नाही का?

ब्रिटनसाठी काम केलेल्या अफगाणांसाठी एप्रिल 2021 मध्ये 'एआरएपी' ही योजना सुरू झाली होती. कौन्सिलचे पगारी कर्मचारी तिच्यातून ब्रिटनला गेले. शिक्षक मात्र कागदोपत्री कंत्राटी होते. त्यातले सुमारे 100 जण मागे राहिल्याच्या बातम्या तेव्हा आल्या. खरं तर कार्यालयात बसणाऱ्यांपेक्षा वर्गात उभं राहून शिकवणारेच लोकांच्या नजरेत जास्त होते.

त्यांच्यासाठी 'एसीआरएस' या दुसऱ्या योजनेत वाट निघाली, तीही 20 जून 2022 ला. पहिल्या वर्षी जागा 1,500, त्याही कुटुंबीय धरून. शिवाय दूतावासाची सुरक्षा सांभाळणाऱ्या गार्डावर्ल्डचे कंत्राटी कामगार आणि चेव्हनिंग शिष्यवृत्तीधारक याच रांगेत. काबूलमधला ब्रिटिश दूतावास बंद असल्यामुळे बोटांचे ठसे द्यायलाही पाकिस्तानसारख्या देशात जावं लागे. तिथे व्हिसा संपायचा आणि ब्रिटनमध्ये घराची सोय होईपर्यंत विमान मिळायचं नाही. त्यातच ऑक्टोबर 2023 मध्ये पाकिस्तानने कागदपत्रं नसलेल्या परदेशी लोकांना महिन्याभरात देश सोडायला सांगितलं.

ब्रिटनला पोहोचलं की नागरिकत्व मिळतं?

नाही. या योजनांतून मिळतो तो बेमुदत राहण्याचा परवाना. नोकरी करता येते, मुलांना शाळा मिळते, पण ब्रिटिश पासपोर्ट मिळत नाही आणि संसदेच्या निवडणुकीत मतही देता येत नाही. (ब्रिटनमध्ये राहणारे भारतीय राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून हे मत देऊ शकतात. अफगाणिस्तान राष्ट्रकुलात नाही.) सलग दोन वर्षांहून जास्त काळ देशाबाहेर राहिल्यास हा परवाना साधारणपणे रद्दच होतो.

नागरिकत्वाच्या अर्जासाठी सर्वसाधारणपणे पाच वर्षांचा वास्तव्याचा काळ, इंग्रजीचा पुरावा, 'लाइफ इन द यूके' ही परीक्षा आणि दीड हजार पौंडांहून जास्त शुल्क लागतं. इंग्रजीच्या शिक्षकांना भाषेची अट जड जाणार नाही, शुल्क जाईल. परवाना मिळाल्यानंतर ब्रिटनमध्ये जन्मलेलं मूल मात्र जन्मतःच ब्रिटिश नागरिक ठरतं.

अडचण आहे ती पाच वर्षांच्या हिशेबात. ही वर्षं मोजली जातात ब्रिटनमध्ये पाऊल ठेवल्यापासून. ऑगस्ट 2021 मध्ये पोहोचलेल्या कर्मचाऱ्याला ऑगस्ट 2026 पासून अर्ज करता येतो, तर डिसेंबर 2023 मध्ये पोहोचलेल्या शिक्षकाला डिसेंबर 2028 पर्यंत थांबावं लागतं. लपून काढलेली किंवा इस्लामाबादच्या हॉटेलात घालवलेली वर्षं यात धरली जात नाहीत.

वाट पाहून थकलेला कुणी छोट्या बोटीने खाडी ओलांडून गेला असेल, तर त्याचं गणित आणखी अवघड. फेब्रुवारी 2025 च्या नियमानुसार बेकायदा आलेल्यांचा नागरिकत्वाचा अर्ज सहसा फेटाळला जातो. 1 जुलै 2025 पासून एआरएपी आणि एसीआरएस या दोन्ही योजना नव्या अर्जांसाठी बंद आहेत.