कीर्द, खतावणी आणि उणे एक हजार अठरा

बँकेतल्या कारकुनाला इतिहासाची आवड असू शकते, हे सहसा कोणी मान्य करत नाही. आमच्या घरात तर मुळीच नाही. पण खरं सांगायचं तर इतिहासकार आणि कारकून यांचा धंदा एकच. जे घडून गेलं ते लिहून ठेवायचं. फरक एवढाच, की इतिहासकार ते शंभर वर्षांनी लिहितो आणि आम्ही त्याच दिवशी संध्याकाळी. शिवाय इतिहासकाराची बेरीज चुकली तर त्याला नवा सिद्धान्त म्हणतात. आमची चुकली तर रात्री नऊपर्यंत बसावं लागतं.

म्हणून ई-मेल साठवणाऱ्या यंत्राची वही बिघडते कशी आणि दुरुस्त होते कशी, याचा इतिहास सांगायला कॉमर्सचा पदवीधरच योग्य, असं माझं नम्र मत आहे. आता तुम्ही म्हणाल, ई-मेलला कसली आलीय वही? बहुतेकांची समजूत अशी, की ई-मेल हवेतून येतं आणि वाचून झालं की हवेतच कुठेतरी लोंबकळत राहतं. तसं नसतं. कुठल्यातरी थंडगार खोलीत एक यंत्र घरघरत असतं आणि त्याच्या पोटात शेकडो माणसांची पत्रं एकाच जाडजूड वहीत चिकटवलेली असतात. साहेबांचा मेमो, त्याखाली शिपायाचा रजेचा अर्ज, त्याखाली कोणाच्या तरी मुंजीचं आमंत्रण. या वहीला डेटाबेस म्हणतात. तिचं एक पान फाटलं, तर फाटलेल्या पानावर मुंज होती की मेमो, हे पानाला ठाऊक नसतं.

या गोष्टीची सुरुवात करायला पार व्हेनिसला जावं लागतं. १४९४ साली तिथे लुका पाचोली नावाच्या एका फ्रान्सिस्कन साधूने गणितावरचा एक जाडा ग्रंथ छापला आणि त्यात व्यापाऱ्यांच्या हिशेबाची पद्धत लिहून ठेवली. संन्याशाने जमाखर्चावर लिहावं याचं आपल्याकडे कोणाला नवल वाटणार नाही. पाचोलीने तीन वह्या सांगितल्या. पहिली कच्ची वही, तिच्यात घाईघाईने काय ते खरडायचं. दुसरी कीर्द, तिच्यात प्रत्येक व्यवहार तारीखवार, क्रमाने उतरवायचा. आणि तिसरी खतावणी, तिच्यात ज्याचं त्याचं खातं. कीर्दीतली नोंद खतावणीत गेली, की कीर्दीत त्या नोंदीवर रेघ मारायची, म्हणजे कुठपर्यंत काम झालं ते कळतं. आमच्या पेढ्यांवरचे दिवाणजी पाचोलीचं नाव न ऐकताच हे सगळं करत होते, ही गोष्ट वेगळी.

यातली मेख अशी, की खतावणी जळाली तरी व्यापारी बुडत नाही. जुनी खतावणी आणि तिच्यानंतरच्या सगळ्या कीर्दी शाबूत असतील, तर माणूस बसवून पुन्हा सगळं चढवता येतं. कंटाळवाणं काम, पण होतं. मात्र नोंद आधी कीर्दीत हवी आणि मगच खतावणीत. ज्याने उलटं केलं त्याचं दिवाळं निघालंच म्हणून समजा.

पुढे पावणेपाचशे वर्षांनी अमेरिकेत संगणकाच्या विद्वानांनी हाच शोध पुन्हा लावला आणि त्याला मोठं नाव दिलं. बदल प्रत्यक्ष वहीत करण्याआधी तो 'लॉग'मध्ये लिहा, असा तो नियम. लॉग म्हणजे आपली कीर्द. या क्षेत्रातला मोठा माणूस जिम ग्रे. त्याला १९९८ सालचं ट्यूरिंग पारितोषिक मिळालं. वीज गेली, यंत्र कोसळलं, तरी अर्धवट झालेला व्यवहार एकतर पुरा व्हावा नाहीतर मुळातच झाला नाही असं व्हावं, यासाठी या गृहस्थाने आयुष्य वेचलं. तुम्ही दुसऱ्या खात्यावर पैसे पाठवलेत आणि मध्येच यंत्र बंद पडलं, तरी पैसे अधांतरी राहत नाहीत, याचं पुष्कळसं श्रेय त्याच्याकडे जातं. जानेवारी २००७ मध्ये तो आईच्या अस्थी समुद्रात सोडायला सॅन फ्रान्सिस्कोहून एकटाच शिडाच्या होडीतून गेला आणि परत आला नाही. मित्रांनी उपग्रहाची छायाचित्रं मिळवली, हजारो अनोळखी लोकांनी घरी बसून ती तपासली. होडीही सापडली नाही. काहीही हरवू नये याची तजवीज करणारा माणूस असा गेला. या ठिकाणी मला विनोद सुचत नाही.

यंत्र कोसळल्यावर कीर्द नेमकी कशी वाचायची, काय पुन्हा चढवायचं आणि काय खोडायचं, याची रीतसर पद्धत १९९२ साली आयबीएममधल्या सी. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहून काढली. हे मोहन मद्रासच्या आयआयटीचे. म्हणजे कीर्द दुरुस्त करायला शेवटी आपलाच माणूस लागला. एवढं म्हणून मी मिशीवरून हात फिरवतो आणि पुढे जातो.

आता मुख्य विषय. मायक्रोसॉफ्टचं एक्स्चेंज नावाचं पत्रयंत्र १९९६ साली बाजारात आलं आणि जगातल्या असंख्य साहेबलोकांच्या टेबलापर्यंत पोचलं. त्याची खतावणी म्हणजे ईडीबी नावाची एक अजस्र फाईल. कीर्द म्हणजे पाच-पाच मेगाबाइटच्या लॉग फाईली. एक भरली की दुसरी. (२००७ च्या आवृत्तीपासून त्या एकेक मेगाबाइटच्या झाल्या. शंभर पानी वहीऐवजी वीस पानी काढली, एवढंच.) आणि पाचोलीची ती रेघ? तीही आहे. तिला चेकपॉइंट फाईल म्हणतात. यंत्र धाडकन बंद पडलं, की खतावणीवर 'डर्टी शटडाऊन' असा शेरा बसतो. हा शब्द ऐकून लोक घाबरतात. घाबरायचं काही कारण नाही. कीर्दीतल्या काही नोंदी खतावणीत चढायच्या राहिल्यात, एवढाच त्याचा अर्थ. आमच्याकडे दर मार्चअखेर हीच अवस्था असते, तिला कोणी इंग्रजी नाव दिलेलं नाही. यंत्र पुन्हा सुरू करा, ते रेघेपासून पुढच्या नोंदी आपणहून चढवतं.

पण त्यासाठी कीर्द जागेवर हवी ना! इथेच माणसाचा स्वभाव आडवा येतो. लॉग फाईली साचत जातात. रीतसर पूर्ण बॅकअप घेतला, की जुन्या फाईली यंत्र स्वतःच काढून टाकतं. पण बॅकअप घेणं हे काम विम्याचा हप्ता भरण्यासारखं. महत्त्व सगळ्यांना पटतं, उद्या करू हेही सगळ्यांना पटतं. मग एके दिवशी डिस्क भरते, यंत्र थांबतं आणि साहेब ओरडतात. यंत्र सांभाळणारा पोरगा बघतो, तो हजारो फाईली, सगळ्यांची नावं सारखी, आत वाचण्यासारखं काही नाही. त्याच्यातला गृहस्थ जागा होतो. दिवाळीच्या आधी माळा साफ करावा तसा तो त्या सगळ्या रद्दीत काढतो. आता खतावणी म्हणते कीर्द आणा, आणि कीर्द गेली कचऱ्यात. हा प्रसंग जगभरात इतक्या कचेऱ्यांत घडला, की 'लॉग फाईल हाताने पुसू नका' हे जाणकारांना वर्षानुवर्षं सांगत बसावं लागलं.

दुसरा घोटाळा पहारेकऱ्याचा. यंत्रावर व्हायरस पकडणारा पहारेकरी बसवलेला असतो. आता कोणाच्या तरी पत्रातून व्हायरस आला, की त्या पत्राची नोंद कीर्दीत होणारच, कीर्द आहे ती! पहारेकरी कीर्द उघडतो, आत चोराचं वर्णन वाचतो आणि कीर्दीलाच बेड्या घालून घेऊन जातो. पोलिसांनी डायरीत दरोडेखोराचं नाव सापडलं म्हणून फौजदाराची डायरी जप्त करावी, तसं. सगळी कचेरी बंद, आणि पहारेकरी आपला अभिमानाने उभा. या फाईलींना हात लावू नये असं त्याला आधी बजावून ठेवावं लागतं.

तिसरी गोष्ट मर्यादेची. स्वस्तातल्या एक्स्चेंजची वही सोळा जीबीपुरतीच असे. सोळा झाले की वही बंद. २००५ मध्ये २००३ च्या आवृत्तीला ही मर्यादा पंचाहत्तरपर्यंत वाढवून मिळाली. पण त्याआधी गळ्याशी आलं, तर सेटिंगमध्ये एक बदल करून तात्पुरता एक जीबी उसना घेता येत असे, सतरापर्यंत. तेवढ्यात जुनी पत्रं काढून जागा करायची. यालाच आम्ही टेंपररी ओव्हरड्राफ्ट म्हणतो. खातेदार त्या मुदतीत काय करतात, हे मला विचारू नका.

आणि आता तो उणे एक हजार अठरा. प्रत्येक पान लिहिताना यंत्र त्या पानाची एक बेरीज करून पानावरच टाकून ठेवतं. पुढे पान वाचताना पुन्हा बेरीज करतं. जुळली तर ठीक. नाही जुळली, तर हा आकडा पडद्यावर येतो: -१०१८. उणे चिन्हासकट. ज्यांनी रात्री दोन वाजता हा आकडा पाहिला आहे, ती माणसं एकमेकांना नजरेने ओळखतात म्हणे. दोष बहुधा पत्रयंत्राचा नसतोच. खालची डिस्क किंवा तिला जोडणारं सामान बिघडलेलं असतं. आमच्याकडे बेरीज चुकली की आधी नव्या कारकुनाकडे बघतात, तसं. पुढे २००३ च्या आवृत्तीला अशी अक्कल आली, की पानावरचा एखादाच बिट उलटला असेल तर ते यंत्र आपला आपणच तो सुलटा करी.

इथे इलाज दोन. बॅकअप असेल तर जुनी खतावणी आणायची, कीर्द चढवायची, आणि चहा प्यायचा. बॅकअप नसेल तर ई-एस-ई-युटिल नावाचं एक हत्यार आहे, त्याची 'पी' नावाची धार वापरायची. ही दुरुस्ती म्हणजे शस्त्रक्रियाच. जे पान वाचता येत नाही ते ती सरळ फाडून टाकते, आणि उरलेली पानं जुळवून पुन्हा बांधणी करते. वही उघडते, पण त्या पानांवर काय होतं ते विचारायचं नाही. शिवाय त्यानंतर जुन्या कीर्दी या वहीवर चढत नाहीत. म्हणून हा शेवटचा उपाय.

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक मावशी राहतात. त्यांचे यजमान एका छोट्या कारखान्यात हिशेबनीस होते आणि परदेशातल्या मुलाशी त्यांचा सगळा पत्रव्यवहार कारखान्याच्याच यंत्रावरून चाले. ते वारले, आणि काही महिन्यांनी ते यंत्रही गेलं. बॅकअपची टेप होती, पण कोरी. रोज रात्री ती घालत, आत काही लिहिलं जातंय का हे कोणी पाहिलं नव्हतं. शेवटी तीच शस्त्रक्रिया करावी लागली. मुलाने जेवढी पत्रं निघाली तेवढी छापून मावशींना आणून दिली. मावशींनी ती तारखेने लावली. चार वर्षांची आली, मधला एक पावसाळा आला नाही. "त्याच पावसाळ्यात ह्यांनी गॅलरीत कारलं लावलं होतं हो," त्या मला म्हणाल्या. "सगळी पत्रं त्या कारल्याची होती." मुलाकडे प्रती नव्हत्या, त्याने वाचून पुसली होती. कारल्याला कोण जपून ठेवतो?

छोट्या कारखान्याचं सोडा, मोठ्यांचंही होतं. ३० डिसेंबर २०१० ला हॉटमेलच्या काही खातेदारांच्या पेट्या एकाएकी रिकाम्या झाल्या. चाचणीसाठी उघडलेली खोटी खाती काढून टाकणाऱ्या कार्यक्रमाने खऱ्या माणसांच्या नोंदीही काढल्या होत्या. पत्रं जागेवर होती, फक्त निर्देशिकेतलं नाव गेलं होतं. पासबुक आहे, लेजर आहे, पण खाते क्रमांकाची यादी हरवली, असा प्रकार. बहुतेकांची पत्रं दोन-तीन दिवसांत परत आली. कंपनीने बाधित खात्यांचा आकडा दिला: १७,३५५. अंदाजे सतरा हजार नव्हे. असा शेवटच्या पाचापर्यंत आकडा देणाऱ्या माणसाबद्दल मला आदर वाटतो.

आणि दोनच महिन्यांत, २७ फेब्रुवारी २०११ ला, जीमेलची पाळी. लोकांनी पेटी उघडली तर आत शुकशुकाट. काहींना तर नव्या खातेदाराला करावं तसं स्वागत झालेलं दिसलं. गूगलकडे प्रत्येक पत्राच्या अनेक प्रती, अनेक शहरांत. पण साठवणीच्या कार्यक्रमाची जी नवी आवृत्ती बसवली, तिच्यातच दोष होता, आणि त्याने काही खात्यांच्या अनेक प्रतींवर एकाच वेळी हात मारला. पाच किल्ल्या पाच ठिकाणी ठेवाव्यात आणि पाचही ठिकाणी एकच विसरभोळा माणूस नेमावा, तसं झालं. आधी वाटलं खातेदारांपैकी ०.०८ टक्के असतील, मग हिशेब ०.०२ टक्क्यांवर आला. म्हणजे दहा हजारांत दोन. वर्तमानपत्रांनी गुणाकार करून चाळीसेक हजार माणसं काढली.

मग त्यांनी काय काढलं असेल? टेप! चुंबकीय फीत, आजोबांच्या काळातली. जगातली सगळ्यात आधुनिक कंपनी माळ्यावर चढली आणि जुनी ट्रंक खाली काढली. फितीचा गुण हाच, की ती यंत्राला जोडलेली नसते, त्यामुळे यंत्राला झालेला रोग तिला लागत नाही. अवगुण असा, की डिस्कवरून जे क्षणात येतं त्याला फितीवरून तास लागतात. पण आलं. किती वेळ लागेल याचा कंपनीने आधीच अंदाज जाहीर केला होता, आणि तो संपण्याआधी नव्व्याण्णव टक्क्यांहून जास्त मजकूर परत आला, असं त्यांच्याच इंजिनिअरांनी २०१६ साली लिहिलं. कामाची वेळ सांगून ती पाळली, हा भाग मी दोनदा वाचला.

एक्स्चेंजवाल्यांनीही तोवर धडा घेतला होता. त्यांच्या २०१० च्या आवृत्तीत एका वहीच्या सोळा प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवता येऊ लागल्या, आणि एका प्रतीचं पान फाटलं तर दुसरीवरून आपोआप उतरवून घेता येऊ लागलं. त्यातली एखादी प्रत तर मुद्दाम चौदा दिवसांपर्यंत मागे ठेवता येते, कीर्द समोर पडलेली असूनही न चढवता. म्हणजे सगळीकडे घोटाळा पसरला तरी एक वही कालपरवाच्या शहाणपणात असते. चौदा दिवसांचं काम तुंबवून ठेवल्याबद्दल शाबासकी मिळणारा हा एकमेव कारकून.

जीमेलच्या त्या भानगडीत एक गोष्ट मात्र फितीतूनही आली नाही. पॅसिफिक वेळेप्रमाणे २७ तारखेच्या संध्याकाळी सहापासून २८ च्या दुपारी दोनपर्यंत, म्हणजे वीस तास, त्या लोकांना जी पत्रं आली ती बहुधा त्यांच्या पेटीत पडलीच नाहीत. पाठवणाऱ्याकडे 'पोचलं नाही' अशी चिठ्ठी परत गेली. त्यातल्या कितीजणांनी पुन्हा बसून ते पत्र लिहिलं असेल, याची नोंद कोणत्याच कीर्दीत नाही.