चार दिवसांची धर्मसेवा

परदेशांतून पंधरा दिवसांकरितां यावें, एखाद्या गांवीं शाळेची भिंत रंगवावी, औषधें वाटावीं, प्रार्थना करावी आणि परत जावें, अशी ख्रिस्ती सेवायात्रेची एक रीत आज जगभर रूढ आहे. सेवा थोड्या दिवसांची असली म्हणजे ती हलकी ठरते काय, हा प्रश्न आज आपणांपुढें ठेवावयाचा आहे.

ही रीत एका अर्थीं फार जुनी आहे. येशूनें आपले बारा शिष्य दोघां-दोघांनीं खेडोपाडीं पाठविले, तेव्हां वाटेकरितां झोळी किंवा भाकर घेऊं नका, असें त्यांस बजाविलें. आरंभींच्या ख्रिस्ती मंडळींच्या ‘डिडाखे’ नांवाच्या ग्रीक नियमपुस्तिकेंत तर मोठा मार्मिक नियम आहे. फिरता प्रेषित आल्यास त्याला एक दिवस, गरज पडल्यास दोन दिवस ठेवून घ्यावें. तिसरा दिवस राहिला तर तो खोटा समजावा. ज्यास कायमचें राहावयाचें असेल त्यानें कष्ट करून खावें. पाहुण्याचा भार यजमानावर पडूं नये, ही काळजी तेव्हांपासूनची आहे.

महाराष्ट्रांत आलेले पहिले अमेरिकन मिशनरी मात्र परतीचा बेत करून आले नव्हते. गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट १८१२ च्या फेब्रुवारींत निघाले आणि ऑगस्टांत कलकत्त्यास पोंचले. कंपनी सरकारनें तेथें राहूं दिलें नाहीं, म्हणून १८१३ च्या फेब्रुवारींत ते मुंबईस आले. प्रकृति बिघडल्यामुळें नॉट थोड्याच वर्षांत परतले. हॉल राहिले, मराठी शिकले, नव्या कराराच्या मराठी भाषांतरास त्यांनीं हातभार लावला, आणि १८२६ सालीं नाशिककडील दौऱ्यांत पटकीनें वारले. सिंथिया फॅरार १८२७ सालीं आल्या आणि मुलींच्या शिक्षणांत आयुष्य घालवून १८६२ सालीं अहमदनगरासच निवर्तल्या. त्यांची नगरची शाळा पाहून जोतीराव फुल्यांस मुलींच्या शाळेची प्रेरणा मिळाली. या मंडळींचें धर्ममत कोणास पटो वा न पटो. आपल्या कामाचें फळ, बरें असो वा वाईट, पाहण्यास तीं माणसें जागेवर हजर होतीं.

१८६९ सालीं सुएझचा कालवा खुला झाला, आगबोटी वाढल्या, आणि जाऊन येणें सोपें झालें. १८९९-१९०० च्या दुष्काळांत आपला वऱ्हाडहि होरपळला. तेव्हां न्यूयॉर्कच्या ‘ख्रिश्चन हेरल्ड’ पत्राचे चालक लुई क्लॉप्श यांनीं वर्गणी जमविली. ‘क्विटो’ बोटीनें सुमारें ५००० टन मका मुंबईस आला, आणि क्लॉप्श स्वतःहि दुष्काळी भाग पाहून गेले. त्यांची भेट अल्पकालीन होती, परंतु वाटपाचें काम येथें राहणाऱ्या मिशनऱ्यांच्या हातीं होतें. त्या धान्यानें जीव वांचले. त्याबरोबरच उपाशी माणसांचीं छायाचित्रें दूरदेशीं छापून वर्गणी मिळविण्याची चालहि त्या काळीं बळावली. ज्याचें चित्र छापलें, त्यास कोणी विचारलें होतें काय?

विमानांनीं अंतर आणखी तोडलें. १९५७ सालीं जॉर्ज व्हर्वर हा अमेरिकन विद्यार्थी दोन सोबत्यांसह सुटींत मेक्सिकोस धर्मपुस्तकें वाटण्यास गेला. १९६० सालीं लॉरेन कनिंगहॅम यांनीं तरुणांची ‘यूथ विथ अ मिशन’ ही संस्था काढली. सुटींतील सेवा ही तेथून मोठी चळवळ झाली.

आतां घरचें उदाहरण पाहूं. भातकुली तालुक्यांत पूर्णेच्या कांठीं ऋणमोचन आहे. गाडगेबाबांनीं १९०५ सालीं घर सोडलें, आणि त्यांच्या आरंभींच्या लोकसेवेचें हें क्षेत्र. पुढें बाबांचा क्रम असा कीं, गांवांत शिरावें, हातच्या खराट्यानें रस्ते झाडावे, कष्टाबदल्यांत भाकर खावी, रात्रीं कीर्तन करावें आणि पुढच्या गांवीं निघावें. मुक्काम एक-दोन दिवसांचा. तरी त्या सेवेस उथळ कोण म्हणेल? भाषा लोकांचीच होती, काम डोळ्यांसमोरचें होतें, आणि खराटा मागें राहणाऱ्यांच्या हातीं जात होता. तेव्हां दोष दिवसांच्या संख्येंत नाहीं.

दोष कोठें शिरतो? गांवांतला गवंडी रिकामा बसला असतां पाहुण्यानें भिंत बांधली, तर गवंड्याची मजुरी बुडते. मोतीबिंदू काढणारा वैद्य आठवड्यांत दृष्टि देऊं शकतो; पण तो गेल्यावर पिकलेला डोळा कोणी पाहावा, हें आधीं ठरलें पाहिजे. आणि औषधाच्या पुडीबरोबर धर्मांतराची अपेक्षा बांधली, तर तें दान राहत नाहीं, सौदा होतो. वऱ्हाड मध्यप्रदेशांत असतां, १९५४ सालीं, त्या सरकारनें न्यायमूर्ति भवानीशंकर नियोगी यांची चौकशी समिति नेमली. तिच्या १९५६ च्या अहवालावर वाद पुष्कळ झाले. परंतु रुग्णसेवा धर्मांतराचें साधन होऊं नये, ही तिची सूचना कोणत्याहि धर्माच्या सेवकानें मनावर घेण्यासारखी आहे.

म्हणून असा पाहुणा येऊं म्हणेल, तेव्हां गांवानें चार गोष्टी अवश्य विचाराव्या. तुम्हांस बोलाविलें कोणी? आमची भाषा किती येते? हें काम आमच्यांतला कोणी करूं शकत नाहीं काय? आणि तुम्ही गेल्यावर जबाबदारी कोणाची? उत्तरें समाधानकारक मिळालीं, तर त्याचा धर्म कोणताहि असो, त्यास ओसरीवर जागा द्यावी आणि आपणहि त्याच्या बरोबरीनें कामास लागावें.