व्हिक्टोरियातील अग्निशमन दलांचा वाद

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात ग्रामीण भागातील वणवे विझविण्याचे काम प्रामुख्याने ‘कंट्री फायर अथॉरिटी’चे स्वयंसेवक करतात. १९३९च्या वणव्यांत ७१ जणांचा बळी गेल्यानंतर सुधारणांची मागणी झाली आणि १९४५ मध्ये हे दल कार्यरत झाले. मेलबर्न शहरासाठी पगारी जवानांचे स्वतंत्र दल होते. शहर विस्तारत गेले, तशी उपनगरांतील ग्रामीण दलाच्या केंद्रांवरही पगारी जवानांची भरती होऊ लागली.

२०१६ मध्ये पगारी जवानांच्या प्रस्तावित सेवा करारावरून वाद पेटला. अशा संमिश्र केंद्रांच्या हद्दीत आगीवर किमान ७ पगारी जवान पाठवावेत, अशी तरतूद त्यात होती. संघटनेच्या मते हा सुरक्षिततेचा प्रश्न होता. आपले स्थान दुय्यम ठरेल, अशी स्वयंसेवकांची भीती होती. कराराला विरोध करणाऱ्या मंत्री जेन गॅरेट यांनी जूनमध्ये राजीनामा दिला. त्यानंतर सरकारने दलाचे संचालक मंडळ बरखास्त केले.

२०१९च्या कायद्यान्वये १ जुलै २०२० रोजी शहराचे दल आणि ३८ संमिश्र केंद्रे ‘फायर रेस्क्यू व्हिक्टोरिया’त विलीन झाली. ग्रामीण दल स्वयंसेवकांचे राहिले. मात्र मोठ्या वणव्यांत दोन्ही दलांना खांद्याला खांदा लावूनच लढावे लागते.