मुदतवाढीची आणीबाणी

सरकारी दफ्तरात ज्याने उमेद घालविली त्यास 'तात्पुरता' या शब्दाचे आयुष्य किती दीर्घ असते, हे सांगावयास नको. सहा महिन्यांसाठी मंजूर झालेले पद वर्षानुवर्षे मुदतवाढ मिळवीत राहते आणि त्यावरील माणूस निवृत्त झाला तरी ते शिल्लक असते, हा आम्हां परप्रांतस्थ नोकरदारांच्या नित्य परिचयाचा प्रकार होय. राष्ट्राराष्ट्रांच्या व्यवहारातही हीच रीत चालते. अमेरिकेने इराण सरकारविरुद्ध पुकारलेली आणीबाणी हे तिचे ठळक उदाहरण आहे.

४ नोव्हेंबर १९७९ रोजी इराणी विद्यार्थ्यांनी तेहरान येथील अमेरिकी वकिलात ताब्यात घेतली. दहा दिवसांनी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी राष्ट्रीय आणीबाणी जाहीर करून इराण सरकारची आपल्या अखत्यारीतील मालमत्ता गोठविली. ५२ ओलीस ४४४ दिवस कैदेत राहिले. अखेर अल्जीरियाच्या मध्यस्थीने करार होऊन २० जानेवारी १९८१ रोजी त्यांची सुटका झाली. आणीबाणी मात्र उठली नाही.

यातील विपर्यास असा की, आणीबाणी रेंगाळू नये म्हणूनच अमेरिकेने १९७६ साली स्वतंत्र कायदा केला होता. रूझवेल्ट यांनी १९३३ साली बँकांच्या संकटात आणि ट्रूमन यांनी १९५० साली कोरियाच्या युद्धात पुकारलेल्या आणीबाण्या अद्याप जिवंतच असल्याचे १९७३ साली सिनेटच्या समितीस आढळले होते. म्हणून असे ठरले की, वर्ष भरण्यापूर्वीच्या ९० दिवसांत राष्ट्राध्यक्षाने मुदतवाढीची सूचना प्रसिद्ध करून काँग्रेसकडे धाडली नाही, तर आणीबाणी आपोआप संपावी. दोन्ही सभागृहांनी दर सहा महिन्यांनी तिचा विचार करावा, असेही कलम घातले गेले.

परंतु १९८० पासून २०२४ पर्यंत ही सूचना दरवर्षी निघत राहिली. पक्ष बदलले, सही करणारे हात बदलले. कारण बहुधा तेच राहिले. इराणशी संबंध पूर्ववत झालेले नाहीत आणि १९८१ च्या करारांची अंमलबजावणी चालू आहे. हे कारण खोटे होते असे आम्ही म्हणत नाही. हेग येथील लवादापुढे उभय देशांचे दावे खरोखरच वर्षानुवर्षे चालले. परंतु सहामाही विचाराचे कलम बहुतांशी कागदावरच राहिले, आणि १९८५ च्या दुरुस्तीनंतर राष्ट्राध्यक्षाच्या इच्छेविरुद्ध आणीबाणी उठविण्यास दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मते लागू लागली.

आपला इतिहासही या बाबतीत निष्कलंक नाही. चिनी आक्रमणामुळे २६ ऑक्टोबर १९६२ रोजी जाहीर झालेली आणीबाणी, लढाई महिन्याभरात थांबली तरी, १० जानेवारी १९६८ पर्यंत टिकली. पुढे १९७५ चा अनुभव पदरी आल्यावर, १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने दर सहा महिन्यांनी संसदेची नवी मंजुरी आवश्यक केली.

आम्हांस दोन व्यवस्थांतील खरा भेद येथे दिसतो. तिकडे मुदतवाढ मागणारा व देणारा एकच आहे. इकडे ती दुसऱ्याकडे मागावी लागते. आपल्याच अर्जावर आपणच मंजुरीचा शेरा मारू नये, हा नियम साध्या कारकुनासही लागू असतो. जेथे एका सहीने परक्या राष्ट्राची मालमत्ता गोठते, तेथे तो अधिकच कसोशीने पाळला जावा, असे आम्हांस वाटते.